गोपाळदादाला समजतं

कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी, दिवेलागणीला, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या बसथांब्यावर निकिता महाजन हिच्यावर अन्याय झाला. नाव तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. सगळे त्याचंच नाव घेतायत, माझं कोणी घेत नाही." निकिता साड्यांवर स्टोन चिकटवायच्या खात्यात कामाला होती. काम संपवून थांब्यावर उभी होती. तिशी ओलांडलेल्या एका धिप्पाड माणसानं मागून येऊन तिच्या ओढणीचं टोक धरलं. ती किंचाळली. त्यानं ओढणी सोडली नाही. उलट ओढली. गळ्याला फास बसला. मानेवर वळ उठला, तो मी पाहिला आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याच्याबद्दल लिहायला बसले आहे तो हाच माणूस आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. जीव आहे म्हणून निकिताला मागच्या बाकावर बसवायचं, अशी आमच्या सोसायटीत पद्धत पडली आहे. मला ती पाळायची नाही. छेडछाडीविरुद्धची पत्रकं मी याच थांब्यावर वाटली आहेत. त्यांत कुठेही "समोरचा ओळखीचा असल्यास सूट" असं छापलेलं नव्हतं.

तर गोपाळदादा.

आमच्या समोरचं घर त्याचं. आई इंदूमावशी आणि तो, दोघंच. वडील डाइंगच्या खात्यात होते, ते वारले. मूळचे हे लोक अमळनेरकडचे. इंदूमावशी घरात अहिराणीच बोलते, तिच्या तोंडी 'ळ' येत नाही, म्हणून तो तिचा 'गोपाय'. लहानपणी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द कुणी काढला देव जाणे. स्वतःत बुडालेला म्हणे! गोपाळदादा स्वतःत कधीच बुडालेला नव्हता. तो कापडात बुडालेला होता, आणि तेही दुसऱ्यांच्या.

मिलमध्ये तो फोल्डिंग खात्यात. छापून आलेला कापडाचा ताका टेबलावरून सरकत जातो आणि डाग, भोक, सरकलेली छपाई, तुटलेला धागा दिसला की ओरडायचं, "फॉल्ट!" एवढंच काम. ते त्याला जमायचं, कारण त्याला कंटाळा येत नसे. सुपरवायझर त्याच्यावर खूश होता, पण गप्पा मारायला त्याच्या टेबलावर कुणी जात नसे. तो गप्पा मारतच नसे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर पोकळ असलं तर म्हणायचा, "बराबर सांग." "येतो जरा वेळानं" म्हटलं, की "जरा म्हणजे किती? बराबर सांग." "बघू" म्हटलं, की "काय बघू?" लोक वैतागायचे. मला मात्र वाटायचं, या गावात खरं बोलायला भाग पाडणारा हा एकटाच.

चेहऱ्याकडे तो बघत नसे. माणसं त्याच्या लक्षात राहत ती कपड्यांनी. मी त्याच्यासाठी कायम 'खादी जाडी', कारण कॉलेजात असताना एक जाडाभरडा कुर्ता मी वापरून वापरून फाडला होता. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की दोन्ही मुठी कानांवर दाबायचा, हातात जे असेल त्याच्यासकट. एकदा पोळी-दुधाची वाटीच कानाला लावली होती. दूध खांद्यावरून ओघळलं, आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, आमच्या नंतर, आम्ही हसतोय हे बघून.

त्याचं हसणं तसंच असायचं, नंतरचं. आणि इथेच सगळी गोम आहे.

कारण ओढण्या-पदरांची गंमत सुरू झाली ती अशीच. तो मिलमध्ये नवीन लागला होता. कानबाईचा रविवार होता, घरोघर नैवेद्याच्या रोटांचा घमघमाट होता, बायका नवीन साड्या नेसून गल्लीत उभ्या. आमचे भटूआप्पा, सोसायटीचे वडीलधारे, सगळ्या कार्यांत पुढे, ओरडले, "ए चेकर! जरा या बायांचा माल तपासून घे भो, काही फॉल्ट तर नही ना?" गोपाळदादानं ते काम म्हणून घेतलं. पहिल्याच वहिनीचा पदर दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला, आणि मिलमधल्या आवाजात ओरडला, "फॉल्ट! काठाजवळ धागा!" गल्ली हसून हसून लोळली. त्या वहिनीनं नवऱ्याला सुनावलं, "बघा, फसवलं ना दुकानदारानं तुम्हाला!" मग प्रत्येकीनं आपला पदर पुढे केला. "माझ्यात बघ रे." "माझी सिल्कची आहे, हात धुऊन ये."

दर सणाला हेच. लग्नात नवरीचा शालू, हळदीत करवल्यांच्या ओढण्या. पाहुणे आले की, "आमच्या गोपाळची गंमत दाखवतो," म्हणून त्याला बोलावणं. पाहुण्या बाईला आधी विचारणं नाही. ती दचकली की हशा जास्त. "घाबरू नका हो, भोळा आहे." इंदूमावशीही कौतुकानं म्हणायची, "मना गोपाय भोया शे. त्याले काय समजस?"

मी हे नीट लिहून ठेवते आहे, कारण आता कुणालाच ते आठवत नाही.

त्याला समजत नाही, हे धडधडीत खोटं आहे. सगळ्या ऑटिझम असलेल्यांचं मी सांगत नाही, ते ज्यांचं त्यांना माहीत. गोपाळदादाचं सांगते. सूचक बोललेलं त्याला समजत नाही. डोळे वटारलेले समजत नाहीत. "काय हे!" म्हटलेलं समजत नाही. पण तोंडानं, सरळ, पूर्ण वाक्यात सांगितलेला नियम त्याला समजतो, आणि तो तुमच्या-माझ्यासारखा सोयीनं विसरत नाही.

पुरावा हवा? आमच्या शेजारच्या रंजनावहिनींचा पंखा करकर वाजायचा. गोपाळदादा सरळ त्यांच्या घरात शिरून तो बंद करायचा. त्या साडी बदलत असल्या तरी. बाकी कुणी असतं तर "जाऊ दे, भोळा आहे" म्हणून कडी लावून घेतली असती. वहिनींनी त्याला दारात उभं केलं. म्हणाल्या, "गोपाळ, ऐक. दुसऱ्याचं दार वाजवायचं. आतून 'ये' म्हटलं तरच आत यायचं. नाही म्हटलं तर बाहेर थांबायचं."

"उघडं असलं तर?"

"उघडं असलं तरी वाजवायचं."

"पंखा वाजत असला तर?"

"तरी."

त्यानं ते दोनदा म्हणून घेतलं. झालं. त्या दिवसापासून तो कुणाच्याही घरात न विचारता शिरला नाही. पुढे एकदा वहिनी साखर उतरल्यानं भर दुपारी घरात कोसळल्या. दार सताड उघडं. गोपाळदादा बाहेर उभा राहून दार वाजवतोय, वाजवतोय, वाजवतोय. आत वहिनी फरशीवर पडलेल्या त्याला दिसतायत आणि 'ये' कुणी म्हणत नाही. शेवटी तो इतक्या जोरात दार बडवायला लागला की गल्ली गोळा झाली. वहिनी वाचल्या. लोक म्हणाले, "बघा किती येडा, समोर बाई पडलीय आणि हा दार वाजवतोय!" वहिनी मात्र म्हणाल्या, "चूक माझी. नियम अर्धा सांगितला मी." आणि बऱ्या झाल्यावर त्याला उरलेला अर्धा सांगितला.

मिलमध्येही असंच. सुपरवायझरनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, खात्यातल्या बाईच्या कपड्याला हात लावायचा नाही. त्यानं कधी लावला नाही. म्हणजे मिलमध्ये नाही, सोसायटीत हो. आणि रस्त्यावर? रस्त्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे त्याच्याबद्दल धरून चाललो होतो की, एवढं तर कळत असेल. ज्याला काहीच समजत नाही म्हणायचो, त्याला नेमकं हेच न सांगता समजावं!

त्या सोमवारी विसर्जनाची मिरवणूक रस्त्यावरून गेली होती. गल्लीत दिवसभर पदर-ओढण्यांची तपासणी चाललेली. तिथून तो मिरवणुकीच्या मागे मागे थांब्यापर्यंत आला. निकिताच्या ओढणीला मागच्या बाजूला एक धागा ओढला गेला होता, एक बारीक जाळी पडली होती. त्यानं ती धरली. निकिता किंचाळली. किंकाळी झाली तशा त्याच्या दोन्ही मुठी कानांवर गेल्या, आणि ओढणी मुठीतच होती.

फास असा बसला.

हे कळल्यावर मी निकिताला सांगायला गेले. मला वाटलं होतं, तिला जरा बरं वाटेल. ती म्हणाली, "ताई, गळा माझा होता. मुठी कशामुळे वर गेल्या ते समजून मी काय करू? सगळे मला त्याचं समजावायला येतात. त्याला माझं समजावायला कोणी गेलं का?"

ती बरोबर बोलत होती.

थांब्यावर लोकांनी त्याला धरलं. मार म्हणजे मार, चपला, बेल्ट, विटेचा तुकडा. "मार साले को, लेडीज को हाथ लगाता है!" मारणाऱ्यांत आमच्या गल्लीतले दोघं होते, ज्यांच्या लग्नात याच गोपाळदादानं नवरीचा शालू तपासला होता आणि ज्यांनी त्याचा व्हिडिओ काढला होता. इंदूमावशी अनवाणी धावत आली, लोकांच्या अंगावर पडली. "मना पोऱ्याले मारू नका! तो येडा शे! त्याले काहीच समजत नही!"

आणि खाली पडलेला, ओठ फुटलेला गोपाळदादा काय म्हणाला? "माय, मी येडा नही शे."

पोलीस ठाण्यात साहेबांनी इंदूमावशीला विचारलं, "एने समज पडे छे के नहीं?" समजतं का नाही याला? मावशी हात जोडून म्हणाली, "नही साहेब, काहीच नही." मागून गोपाळदादा म्हणाला, "पडे छे." साहेब हसले. मग त्याला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंस? त्याची ती सरळ, मिलमधली हाक मारल्यासारखी बोली: "कोणी नाही सांगितलं. दर टायमाला सांगतात. ह्या टायमाला कोणी नाही सांगितलं. मी स्वतः केलं."

एवढं स्वच्छ कबूल करणारा माणूस त्या ठाण्यात त्या महिन्यात दुसरा आला नसेल. आणि त्याचं फळ काय? गुन्हा पक्का झाला.

जामीन झाला. सोसायटीत बैठक झाली, समजूतदारपणाची भाषणं झाली. भटूआप्पांनी गोपाळदादाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरा, चूक झाली तर माणसानं माफी मागायची. ती पोरगी माफ करत नाही तोवर मागत राहायची. लाजायचं नाही."

"रोज?" गोपाळदादानं विचारलं.

"रोज!" आप्पा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर जाऊन उभा राहू लागला. हात जोडून, तिच्याकडे न बघता, एकाच सुरात, "माफ कर. माफ कर." निकितानं रस्ता बदलला. ती थांब्यावर दिसेना, म्हणून तो तिच्या खात्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. रोज, काम सुटायच्या वेळेला. ज्याच्या हातातून आपला गळा जेमतेम सुटला तो माणूस रोज फाटकाशी उभा! निकिताला जेवण जाईना. खात्याच्या शेठनं तिलाच सांगितलं, "बेन, तुझ्या मागे लफडी येतात, थोडे दिवस घरी बस." थोडे दिवस म्हणजे किती ते त्यानं सांगितलं नाही. काम गेलं. तिनं दुसरी तक्रार दिली. द्यायलाच हवी होती. आता तो पाठलाग धरला जातो आहे.

आप्पांना विचारायला गेले, तर म्हणाले, "मी आपलं चार शब्द चांगले सांगितले. त्याला एवढं कळू नये?"

शेवटी पुन्हा रंजनावहिनीच गेल्या. मी दारात उभी होते. त्यांनी त्याला समोर बसवलं.

"माफी मागणं बंद. निकिताच्या समोर जायचं नाही. थांब्यावर नाही, फाटकाशी नाही, कुठेच नाही. दिसली तर तू वळायचं."

"माफी मिळाली नाही."

"नाही मिळाली तर नाही मिळाली. देणं न देणं तिचं."

"मग मी काय करायचं?"

"कुठल्याही बाईच्या कपड्याला हात लावायचा नाही. गल्लीत नाही, लग्नात नाही, रस्त्यावर नाही. तिनं स्वतः पुढे केला तरी नाही."

तो बराच वेळ डोलत बसला. मग म्हणाला, "वहिनी, तिला दुखलं?"

"हो. आणि भीती वाटली. अजून वाटते."

"हे मला कोणी नाही सांगितलं," तो म्हणाला. "ती ओरडली, मला वाटलं ती रागावली. भीती नाही वाटलं." आणि तो स्वतःच्या तोंडात मारायला लागला. दोघी मिळून हात धरले तरी आवरेना.

ज्याला समजत नाही असं लिहून घ्यायला सगळे निघालेत, तो हा माणूस. त्याला समजलं तेव्हा असं समजलं.

आता वकीलसाहेब म्हणतात, मार्ग दोनच दिसतात. एक, याला काही समजत नाही असं सिद्ध करा, सुटेल. पण मग मिल कामावर घेणार नाही, सोसायटी बाहेर फिरू देणार नाही, इंदूमावशी आहे तोवर कुलपात आणि ती गेल्यावर कुठल्या तरी संस्थेत. दुसरा, समजतं म्हणा. मग जाणूनबुजून केलं, भोगा. मावशी पहिल्यावर अंगठा द्यायला तयार आहे. गोपाळदादा नाही म्हणतो. "मला समजतं" हे एकच वाक्य त्याच्याजवळ उरलं आहे आणि त्याच वाक्यानं तो आत जाणार आहे.

तिसरं काही नाही का, असं मी विचारलं. वकील म्हणाले, "आहे. त्याला समजतं, त्यानं केलं, आणि जे समजलं ते लोकांनी वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं, असं शिकवणाऱ्यांनी येऊन सांगायला हवं. तो शिकू शकतो हेही सांगायला हवं. साक्षीदार आणा." मी गल्लीत दार-दार फिरले. रंजनावहिनी सोडून एकही नाही. "आमच्या बाईचा पदर त्याच्या हातात दिला होता असं कोर्टात सांगू? इज्जत आहे की नाही?" लग्नाचे व्हिडिओ मोबाईलमधून पुसले गेले. अख्ख्या गल्लीची गंमत एका माणसाच्या नावावर चढवून सगळे मोकळे.

निकितानं विचारलं, "ते सगळे साक्ष देतील तर माझी केस मोडेल?"

मी खरं ते सांगितलं. "हलकी होऊ शकते."

ती म्हणाली, "होऊ दे. पण मग त्यांचीही नावं येऊ देत. एकट्याचं नको."

परवा सकाळी मी त्याला पाहिलं. मावशी त्याला पाणी येण्याच्या वेळेपुरतंच ओट्यावर सोडते. वरच्या मजल्यावरून कुणाची तरी वाळत घातलेली ओढणी वाऱ्यानं सुटली आणि थेट त्याच्या डोक्या-खांद्यावर येऊन पडली. पिवळी, ओलसर. गोपाळदादानं दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पिस्तूल रोखल्यासारखे, आणि तसाच उभा राहिला. ओढणी तोंडावर. श्वासाबरोबर आत-बाहेर होणारी. "मी नाही धरली," तो ओरडत होता. "मी नाही धरली. कोणी काढा. मी नाही धरली." वर गॅलरीत ती मुलगी उभी होती. ती खाली आली नाही. तिला मी दोष देत नाही. नळावर बाया होत्या, आप्पा होते, मारणारे ते दोघं होते. कुणी हललं नाही. मी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत त्याचे हात खाली आले नव्हते.

हे पत्रक तुमच्या दाराखालून आत आलं आहे, म्हणजे तुम्ही आमच्याच गल्लीतले आहात. ज्यांनी त्याला "फॉल्ट बघ" म्हटलं, ज्यांनी पदर पुढे केला, जिनं पदर पुढे केला नव्हता त्या पाहुण्या बाईला ज्यांनी हसून गप्प केलं, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना हे आहे. निकिताच्या दारात माफी मागायला जाऊ नका, तिनं नको म्हटलं आहे. येत्या सोमवारी दहा वाजता माझ्याबरोबर वकिलांकडे चला आणि आपलं नाव घेऊन सांगा: हे त्याला मी शिकवलं. मी नाक्यावर थांबते. या.